उरलेल्या पैशाचं काय करायचं?

आजचा विषय फीचा नाही, त्यावर आपण आधी बोललोय. आज बोलायचंय ते फी भरून झाल्यावर, वर्गणी देऊन झाल्यावर, कार्यक्रम पार पडल्यावर जे पैसे उरतात त्यांच्याबद्दल. म्हणजे पालकांच्या ग्रुपकडे असलेले वरचे पैसे.

समजा, अमरावतीतल्या एखाद्या शाळेचा दहावीचा वर्ग आहे. पन्नास मुलं. निरोप समारंभासाठी प्रत्येकी ३०० रुपये ठरले. चव्वेचाळीस जणांनी दिले, १३,२०० जमले. हॉल शाळेचाच होता म्हणून मंडपाचा खर्च वाचला. नाश्ता आणि साउंड मिळून ९,८०० गेले. उरले ३,४००. मग ग्रुपवर मेसेज पडतो, "उरलेल्या पैशाचं काय करायचं?" पुढचं तुम्हाला पाठ आहे. एक जण म्हणतो, सरांना घड्याळ देऊ. दुसरा म्हणतो, खालच्या वर्गाला देऊन टाकू. तिसरा अंगठा दाखवतो, पण नेमका कोणत्या मेसेजला ते कळत नाही. रात्री कोणीतरी शुभ रात्रीचा फोटो टाकतं आणि विषय वाहून जातो. पैसे ज्यांच्या मोबाईलवर जमा झाले होते त्यांच्याकडेच राहतात. ते काही चोर नसतात. उलट महिनाभर त्यांनीच धावपळ केलेली असते. पण दोन महिन्यांनी त्यांनाही आठवत नाही की खात्यातले आपले किती आणि वर्गाचे किती.

३,४०० रुपये म्हणजे काही मोठी रक्कम नाही, मान्य. पण ज्या सहा घरांनी पैसे दिले नाहीत त्यांच्याकडे बघा. ग्रुपवर महिनाभर रोज एक यादी फिरत होती. नावापुढे हिरवी खूण, हिरवी खूण, हिरवी खूण, आणि या सहा नावांपुढे काहीच नाही. यादी रोज नवी. कोणी दिले नाहीत ते सगळ्यांना कळलं. कशावर किती गेले ते मात्र कोणालाच नीट कळलं नाही. आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय की आपण हे नेमकं उलटं करतो. कोण देतं ते उघड आणि कशावर जातं ते झाकलेलं. खरं तर खर्च उघडा पाहिजे आणि वर्गणी झाकलेली.

आता आधी हे बघू की "पालकांचा ग्रुप" म्हणजे नक्की कोण. कारण तिथेच अर्धा गोंधळ आहे.

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांत असते शाळा व्यवस्थापन समिती. ही काही हौसेने काढलेली समिती नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, त्याचं कलम २१. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. निम्म्या सदस्य बायका पाहिजेत. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आणि समितीची जी कामं लिहिली आहेत त्यात एक वाक्य फार मोलाचं आहे. सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून "किंवा इतर कोणत्याही मार्गाने" मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर देखरेख ठेवायची. म्हणजे गावातल्या कोणी आईच्या स्मरणार्थ शाळेला पैसे दिले, तर तेही समितीच्या नजरेखालून गेले पाहिजेत. सरांचे नाहीत, सरपंचाचे नाहीत, अध्यक्षांचेही नाहीत.

खासगी शाळेत असतो पालक-शिक्षक संघ. त्याचा कायदा वेगळा, महाराष्ट्राचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा. शाळा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत संघ स्थापन करायचा, आणि इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून कार्यकारी समिती निवडायची. फीवाढीचा प्रस्ताव याच समितीपुढे येतो. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसतं. त्यांना वाटतं समिती म्हणजे गॅदरिंगला स्टेजवर हारतुरे घेणारी माणसं.

आणि तिसरा, तुमच्या आमच्या मोबाईलमधला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. याला ना कायदा, ना रजिस्टर, ना अध्यक्ष. पण रोख पैसा सगळ्यात जास्त इथेच फिरतो! शिक्षकदिनाची भेट, सहलीचा जास्तीचा खर्च, गॅदरिंगचे ड्रेस, सगळं इथेच. शाळेला विचारलं तर शाळा म्हणते, तो पालकांचा ग्रुप आहे, आमचा संबंध नाही. पालक म्हणतात, मॅडमनीच तर सांगितलं. दोघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं असतं.

आता जिल्हा परिषदेच्या शाळेत थोडं थांबू या, कारण आपल्या वऱ्हाडात खेड्यातली बहुतेक पोट्टे तिथेच शिकतात. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. पट तीसपर्यंत असेल तर १० हजार. एकतीस ते शंभर असेल तर २५ हजार. पुढे वाढत वाढत जास्तीत जास्त १ लाख. यातला किमान दहा टक्के पैसा स्वच्छतेवर घालायचा असतो. लहान गावातल्या, पंचवीस पोरांच्या शाळेचा हिशेब करून बघा. १० हजार भागिले बारा, म्हणजे महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत. त्यात खडू, झाडू, फिनाईल, तुटलेली कडी, गळणारा नळ आणि वीजबिल.

शिवाय हे अनुदान बहुतेकदा वर्ष अर्धं सरल्यावर येतं आणि ३१ मार्चच्या आत संपवावं लागतं. संपलं नाही तर परत. म्हणून मार्चमध्ये शाळाशाळांत खरेदीची घाई दिसते. लोकवर्गणीचं तसं नाही. तो पैसा ३१ मार्चला कुठे परत जात नाही. त्यामुळे माझं मत असं की लोकवर्गणी ही अनुदानासारखी खर्चायचीच नसते. अनुदानातून जे होऊ शकत नाही, किंवा वेळेवर होत नाही, त्यासाठी ती राखून ठेवायची. पण होतं काय? गाव पैसे गोळा करतं आणि जी वस्तू फोटोत चांगली दिसते ती घेतं.

याचं आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे पाण्याचं मशीन.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्याला माहीत नाही असा वऱ्हाडी माणूस नसेल. बोअर मारा, पाणी लागतं, पण ते खारं. चहा फाटतो, डाळ शिजत नाही. म्हणून या गावांत शाळेसाठी पैसे जमले की पहिली मागणी असते आरओची. आणि मागणी अगदी बरोबर आहे. पोरांना प्यायला बरं पाणी देणं यापेक्षा चांगला खर्च कोणता? मशीन येतं, नारळ फुटतो, देणाऱ्याच्या नावाची पाटी लागते. मग पाणी जितकं खारं तितकं मशीनमधलं मेम्ब्रेन लवकर चोंदतं. फिल्टर बदलायचे असतात. मोटर चालवायला वीज लागते. आणि जेवढं पाणी गोड होतं, त्याच्याइतकं किंवा जास्तच खारं पाणी बाहेर फेकलं जातं. ते कुठे सोडायचं याचाही विचार लागतो, नाहीतर शाळेच्या मागच्या भिंतीपाशी डबकं. आता हा खर्च कोणाचा? समितीच्या ठरावात फक्त "मशीन घेणे" एवढंच लिहिलेलं असतं. पुढच्या उन्हाळ्यात मशीन बंद, पाटी मात्र चकचकीत.

म्हणून मला वाटतं, समितीने एकच साधा नियम करावा. कोणतीही वस्तू घेताना दुकानदाराला विचारायचं, "याला तीन वर्षांत काय काय बदलावं लागते?" तो जो आकडा सांगेल तेवढे पैसे खरेदीआधीच बाजूला काढायचे. पैसे पुरत नसतील तर लहान मशीन घ्या, किंवा या वर्षी घेऊच नका. मशीन नाही म्हणून शाळेला जी लाज वाटते त्यापेक्षा बंद पडलेल्या मशीनची लाज वाटली पाहिजे.

डिजिटल वर्गाचं तेच झालं. २०१५ नंतर गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही आले, प्रोजेक्टर आले. गावांनी खरंच मनापासून पैसे दिले. काही शाळांत त्याचा सुंदर वापर होतो. पण वीजबिल थकून जोडणी तुटली की पन्नास हजारांचा टीव्ही म्हणजे भिंतीवरचा काळा आरसा. टीव्हीला देणगीदार मिळतो. वीजबिलाला मिळत नाही, कारण वीजबिलावर कोणाचं नाव रंगवता येत नाही! गावातल्या शाळेत जाऊन पंख्याच्या पात्यावरची नावं वाचत बसा कधी. सप्रेम भेट अमुक, सप्रेम भेट तमुक. पंखा फिरला की नाव दिसत नाही, म्हणून काही जणांना तो बंदच बरा वाटत असेल.

गंमत सोडा. याच अमरावती जिल्ह्यात शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यात स्वतःचं घर वसवलं नाही. घरच्या माणसांनाही त्या पैशाजवळ फिरकू दिलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. लोकांचा पैसा जमवायचा, काम उभं करायचं आणि हात झटकून मोकळं व्हायचं, ही आपल्या मातीतलीच रीत आहे. आपण खराट्याचा फोटो तेवढा काढतो.

आता पुन्हा त्या सहा घरांकडे.

आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, जूनच्या अखेरीला. आणि तेव्हाच पालकसभा, तेव्हाच वर्गणी. ही वेळ बघा. शेतकऱ्याच्या घरात जूनमध्ये एक रुपया नसतो. असेल तो बियाण्यात, खतात गेलेला असतो. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीच्या सुमारास. कापूस त्याच्या मागेपुढे घरात येतो आणि पुढे तीन-चार महिने वेचणी चालते. तूर अजून नंतर. जी वर्गणी डिसेंबरमध्ये सहज निघाली असती ती जूनमध्ये मागितल्यावर माणूस सभेलाच येत नाही. "मीटिंगले काय जावं बाप्पा, पैसेच मांगते," हे वाक्य कितीदा कानावर येतं. मजुरी करणाऱ्या घराचं तर आणखी अवघड. सभेला जायचं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची, आणि वर तिथे २०० रुपये मागणार.

परिणाम असा होतो की ज्यांच्या मुलांसाठी ही समिती सगळ्यात जास्त महत्त्वाची, तेच सभेला नसतात. मग निर्णय घेणारे कोण? ज्यांना पैसे देणं परवडतं ते. त्यामुळे खर्चही त्यांच्या डोळ्यांना दिसेल तसाच होतो. कमान, रंग, स्टेजचा पडदा. मुलींच्या बाथरूमची कडी तुटलेली आहे, हे सांगणारी आई त्या खोलीत नसते.

शहरात हाच प्रकार वेगळ्या रूपात. खासगी शाळेत शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांवर प्रवेश मिळालेली मुलं असतात. त्यांची फी माफ आहे. पण गॅदरिंगच्या ड्रेसचे ७०० रुपये ग्रुपवर मागितले जातात, ते माफ नाहीत. ही काही शाळेची फी नाही, म्हणून कायद्याच्या कागदावर ती दिसतही नाही. पोरगं घरी येऊन म्हणतं, मले नाचायचं नाही. आई समजून घेते. ते पोरगं नाचात नसल्याचं ग्रुपला कळतसुद्धा नाही.

आणि इथेच त्या उरलेल्या ३,४०० रुपयांचं उत्तर आहे. पन्नास मुलांत वाटले तर प्रत्येकी ६८ रुपये. चव्वेचाळीस जणांत वाटले तर ७७. ते कोणी मागत नाही, आणि खरं सांगायचं तर कोणाला नको असतात. घड्याळ सरांना नको असतं, त्यांच्याकडे चार आहेत. माझं उत्तर असं, की शिल्लक रकमेवर पहिला हक्क त्याच वर्गातल्या, ज्यांना या वर्षी कशासाठी तरी मागे राहावं लागलं त्या मुलांचा. सहलीला न गेलेला, ड्रेस न घेतलेला, शिष्यवृत्ती परीक्षेचा फॉर्म न भरलेला. हे काम वर्गशिक्षकाने गुपचूप करायचं. शिक्षकाला माहीत असतं कोण ते. ग्रुपला फक्त एवढंच कळलं पाहिजे, "शिल्लक ३,४००, वर्गातल्या मुलांच्या गरजेसाठी वापरले, शिल्लक शून्य." नाव नाही, फोटो नाही. पैसे देताना फोटो काढणार असाल तर देऊ नका.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो फालतू नाही. नावं झाकली तर लोक पैसेच देणार नाहीत. दोन-चार जण नक्कीच देणार नाहीत, ज्यांच्याकडे आहेत तेसुद्धा. जमा कमी होईल. होऊ द्या. १३,२०० ऐवजी ११,००० झाले तर नाश्त्यात एक पदार्थ कमी करा. दुसरा आक्षेप, नावं झाकली तर घोटाळा कसा पकडणार? त्याला पावती पुस्तक आहे. पावतीच्या स्थळप्रतीवर नाव असतं, तपासणी करणाऱ्याला ते दिसतं. ग्रुपवर फक्त पावती क्रमांक आणि एकूण जमा टाकायची. एवढं सोपं आहे.

खर्च उघडा ठेवण्याचा फायदा सगळ्यात जास्त कोणाला होतो माहितीये? ज्याच्या हातात पैसा असतो त्याला. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीची शाळा आठवते? जिल्हा परिषदेची शाळा, लोकसहभागातून देशभर गाजलेली. २०२१ मध्ये देणग्यांच्या व्यवहारांवरून तिथे आरोप झाले आणि मुख्याध्यापकांना निलंबित केलं गेलं. पुढे ते निर्दोष ठरले. नंतर ज्या जालिंदरनगरच्या लहानशा शाळेत ते गेले, त्या शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार मिळाला. शेवट गोड झाला. पण मधली वर्षं कशी गेली असतील याचा विचार करा. प्रत्येक गुरुजीच्या वाट्याला असा शेवट येत नाही. संशयाला एक अफवा पुरते. त्याच्यापुढे टिकतं ते प्रोसिडिंग बुक, कॅशबुक आणि बिलांची फाईल.

म्हणून आता जरा कागदाबद्दल. समितीला मिळालेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो, आणि त्याची दरवर्षी तपासणी होऊ शकली पाहिजे. वस्तू घेतली की तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला. नोंद नसेल तर दोन वर्षांनी ती खुर्ची कुठे गेली ते विचारताच येत नाही. ज्याला रोख पैसे देण्यापेक्षा वस्तू किंवा आपला वेळ द्यायचा आहे त्याच्यासाठी केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे. तिथे रोख रक्कम घेतच नाहीत, आणि ते मला फार आवडतं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं काय? क्यूआर कोड शक्यतो एकाच्या वैयक्तिक, रोजच्या वापराच्या खात्याचा नको. दोन पालकांनी मिळून एक बचत खातं उघडावं, दोघांच्या सहीने चालणारं. अशा खात्यातून पैसे काढायचे तर दरवेळी दोघांची संमती लागते. लोक याला गैरसोय म्हणतात. मी म्हणेन, तीच तर सोय आहे. एवढं जमत नसेल तर किमान हे करा. कार्यक्रम झाल्यापासून आठ दिवसांत प्रत्येक बिलाचा फोटो ग्रुपवर, आणि एका पानावर जमा, खर्च, शिल्लक. शाईने लिहिलेलं पान, खाली दोघांच्या सह्या. शीट बनवता येत असेल तर उत्तमच, पण फक्त बघण्यापुरती उघडी ठेवा. सगळ्यांना खाडाखोड करता आली तर तो हिशेब राहत नाही, रांगोळी होते.

आता तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, आम्ही तर पालकच नाही, आम्ही कॉलेजात. बरोबर. पण तुमचा लहान भाऊ, बहीण, भाचा कुठल्यातरी शाळेत आहे ना? आणि तुमची आई कदाचित त्या समितीची सदस्य आहे. निम्म्या जागा बायकांच्या असल्यामुळे नाव घातलेलं असतं. शाळेतून रजिस्टर घरी येतं, "ताई, इथे सही करा," आणि ताई सही करते. वर काय लिहिलंय ते वाचायला वेळ नाही. कधी कधी वर काही लिहिलेलंच नसतं, ते नंतर भरलं जातं.

तिथे तुमचं काम आहे. रजिस्टर आलं की आईसोबत पाच मिनिटं बसा. ठराव मोठ्याने वाचून दाखवा. कोऱ्या पानावर सही करायची नाही, एवढं तिला पटवा. आणि सभेला जाताना तिला तीन प्रश्न पाठ करून द्या. मागच्या सभेपासून किती आले? कशावर गेले? बिल दाखवता का? तिला बोलायला संकोच वाटेल, पहिल्यांदा वाटतोच. "काऊन गा ताई, आमच्यावर भरवसा नाही का?" असं कोणीतरी म्हणेलच. त्याचं उत्तरही देऊन ठेवा. भरवसा आहे म्हणूनच तुमच्यासमोर विचारते, मागे नाही बोलत.

आणि समितीने दाखवलंच नाही तर? सरकारी आणि अनुदानित शाळेसाठी माहितीचा अधिकार आहे, २००५ चा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करता येतो. पण ते शेवटचं हत्यार. गावात रोज त्याच सरांचं तोंड बघायचं असतं, म्हणून आधी सभेत विचारा, नंतर लेखी विचारा, मग अर्ज.

सध्या शाळांत गॅदरिंगचं वारं आहे. म्हणजे येत्या काही आठवड्यांत बऱ्याच ग्रुपवर थोडेफार पैसे उरणार आहेत. तुमच्या ग्रुपमध्ये किती उरले आणि त्यांचं काय ठरलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. शाळेचं नाव सांगायची गरज नाही, आणि कोणी पैसे दिले नाहीत त्यांचं तर मुळीच नाही. पुढच्या भागात मार्चमधल्या खरेदीबद्दल बोलू. कोटेशन तीन का मागतात आणि ती तिन्ही कधी कधी एकाच दुकानातून कशी येतात, ते बघू. भेटू.